ग्रंथपालांची शर्यतीची गाडी

ग्रंथपालांना 'नाही' म्हणता येत नसे. हा काही आजार नव्हे, त्यामुळे त्यावर औषध मिळत नाही. आणि हा सद्गुणही नव्हे, त्यामुळे त्याबद्दल कोणी सत्कारही करत नाही. सगळा जन्म त्यांनी एका वाचनालयात काढला. तिथे 'शांतता राखा' अशी पाटी भिंतीवर होती म्हणून बरं, नाहीतर तेवढंही त्यांना तोंडाने सांगता आलं नसतं. निवृत्त झाले तरी बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना ग्रंथपालच म्हणत. दारावर विक्रेता आला की 'नको' म्हणण्यासाठी ते बायकोला हाक मारायचे, आणि ती हात पुसत बाहेर येईपर्यंत वस्तू विकत घेऊन मोकळे झालेले असायचे. जाळी काढायचे लांब दांड्याचे झाडू त्यांच्या घरात इतके साठले होते, की कोळ्यांनी त्या घराचा नाद केव्हाच सोडून दिला होता.

तेव्हा त्यांच्या मेहुण्याने फोन करून, "भावोजी, एक छोटीशी वस्तू आठवडाभर तुमच्याकडे ठेवू का?" असं विचारल्यावर काय उत्तर गेलं असेल ते वेगळं सांगायला नको.

मेहुण्याचं एकेकाळी व्हिडिओ गेमचं दुकान होतं. लोक आपापल्या फोनवरच खेळायला लागले तसं ते बसलं. मग त्याने तिथे झेरॉक्सचं यंत्र आणलं, आणि गेमपैकी एकच यंत्र मागच्या खोलीत अंगावर जुनी पोती घेऊन पडून राहिलं. आता मेहुण्याला ती खोलीही फोटो काढण्यासाठी हवी होती.

छोटीशी वस्तू टेम्पोतून आली. तिला चार माणसं धरून होती आणि चौघंही एकमेकांवर ओरडत होती. पोती काढली तेव्हा दिसलं ते असं : लालभडक रंगाची, अर्धी कापलेली मोटार. खोलगट सीट, स्टिअरिंग, गिअरचा दांडा, पायाशी दोन पेडल, आणि जिथे काच असायची तिथे कपाटाएवढा टीव्ही. वर यंत्राचं नाव होतं. पण त्यातले निम्मे दिवे गेलेले असल्यामुळे ते नाव शेवटपर्यंत कोणालाच वाचता आलं नाही.

जिना अरुंद होता. पहिल्या वळणावर गाडी अडकली आणि बिल्डिंगमधली सगळी माणसं सल्ला द्यायला गोळा झाली. सल्ला देणाऱ्या माणसाला एक प्रकारची उंची लागते, म्हणून सगळे वरच्या पायऱ्यांवर उभे राहिले आणि हमालांना पुढे सरकायला जागाच उरली नाही. पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यांचं मत पडलं, की जोर लावून काही होणार नाही. आधी दोन्ही बाजूंनी थोडं थोडं हलवून सैल करावी आणि मग एकदम ओढावी. तसं केलं. गाडी निघाली, पण जिन्याचा कठडा तिच्याबरोबर आला.

"येतं असं कधी कधी," दंतवैद्य म्हणाले. "शेजारचा सैल असला की."

ग्रंथपालांच्या घराचं दार बिजागऱ्यांतून काढावं लागलं, वाचायच्या खोलीतली दोन कपाटं हलवावी लागली, आणि अखेर ती लाल वस्तू इतिहास आणि चरित्रं यांच्या मधोमध जाऊन बसली. ग्रंथपालांची बायको दारात उभी होती. दारात म्हणजे जिथे मघापर्यंत दार होतं तिथे.

"हे आठवडाभर?" तिने भावाला विचारलं.

"हो ताई. आठवडाभर."

"कुठल्या आठवड्यात नेणार ते सांग."

मेहुण्याने मान खाली घातली. "खरं सांगू का ताई, भंगारात द्यायला जीव झाला नाही. भावोजींकडे वस्तू नीट राहतात. तुमचीच समजा." आणि कठड्याचा विषय निघायच्या आत तो जिना उतरून गेलासुद्धा.

आता इथे वाचनालयाच्या कामकाजाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. वाचनालयात पुस्तक आलं की त्याला आधी शिक्का मारतात. पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर, आणि आणखी एका मधल्या पानावर. हे मधलं पान कोणतं, ते फक्त ग्रंथपालाला ठाऊक असतं. त्याला गुप्त पान म्हणतात. चोराने पहिलं आणि शेवटचं पान फाडलं तरी गुप्त पान बोलतं. ग्रंथपालांच्या हाताला ही सवय इतकी जडली होती, की निवृत्तीनंतर त्यांनी घरासाठीही 'वैयक्तिक संग्रह' असा शिक्का करून घेतला होता. शिक्का मारला नाही तर घरात आलेली वस्तू त्यांना पाहुण्यासारखी वाटायची. तेव्हा त्यांनी जांभळ्या शाईचा पॅड काढला, एक ठसठशीत शिक्का गाडीच्या दारावर मारला, एक पाठीवर मारला, आणि बराच विचार करून गुप्त पान म्हणून सीटच्या खाली मारला. मग त्यांना हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बायको भाजी आणायला गेली असताना ग्रंथपालांनी, नुसतं बघावं म्हणून, प्लग लावला आणि एक टोकन टाकलं.

ग्रंथपालांना गाडी चालवता येत नव्हती. तरुणपणी शिकायचा प्रयत्न झाला होता. परीक्षेच्या दिवशी चौकात आल्यावर त्यांनी आधी डावीकडच्यांना जाऊ दिलं, मग उजवीकडच्यांना, मग समोरच्यांना, मग पुन्हा डावीकडे नवे लोक आले होते त्यांना. शेवटी परीक्षकसाहेब उतरले आणि रिक्षाने ऑफिसला निघून गेले. तेव्हापासून ग्रंथपाल बसमध्येही उभ्यानेच जात. न जाणो, कोणी जागा मागायचं.

पण इथे पडदा उजळला, रस्ता धावू लागला, आणि पाय आपोआप पेडलवर गेला. एक पिवळी गाडी आडवी आली. ग्रंथपालांनी सवयीने तिला वाट दिली. मग हिरवी आली. तिलाही दिली. मग पडद्यावर वेळ संपल्याचा भोंगा वाजला, आणि त्यांच्या छातीत काहीतरी हललं. त्यांनी दुसरं टोकन टाकलं. (टोकनांची पिशवी मेहुण्याने सीटवर ठेवली होती, तेवढा तो प्रामाणिक होता.) या वेळी पिवळी गाडी आडवी आली तेव्हा ग्रंथपालांनी दात आवळले, स्टिअरिंग वळवलं आणि ते तिच्या अंगावरून गेल्यासारखे पुढे गेले.

"सर बाजूला!" ते ओरडले. "दिसत नाही का? सर!"

"अहो, कोणावर ओरडताय?" दारातून, म्हणजे दाराच्या जागेतून, बायकोचा आवाज आला.

"वाचत होतो," ग्रंथपाल म्हणाले. "मोठ्याने."

त्यांचे कान लाल झाले होते. पण त्या दिवशी ते जेवायला बसले ते गुणगुणतच, आणि भाजीत मीठ कमी आहे असं चक्क म्हणाले. बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. भाजीत मीठ कमीच होतं; पण ते आजवर कधी बोललं गेलं नव्हतं.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते दंतवैद्यांमुळे. ते कठड्याची चौकशी करायला वर आले, गाडीभोवती फिरले, आणि म्हणाले, "ग्रंथपालसाहेब, हे असलं जुनं यंत्र जमवणारे लोक आहेत. वेडे असतात. काय वाटेल ते देतात. थांबा, मी एक फोटो टाकून बघतो." ग्रंथपालांना 'नको' म्हणायचं होतं. त्यांनी "बरं" म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. पलीकडचा आवाज हळू आणि आदबशीर होता. तो संग्राहक होता. त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून ग्रंथपालांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिथेही तोच आकडा ऐकू आला.

"यंत्र अस्सल आहे ना?" संग्राहकाने विचारलं.

"हो."

"कोणी हात लावलेला नाही? रंग, दुरुस्ती, पुसापुशी? माझ्या दृष्टीने सगळी किंमत त्याचीच आहे. ओरखडा चालेल, पण तो त्या काळातला हवा. धूळसुद्धा पुसू नका."

"हो."

"मग मी दोन आठवड्यांनी रविवारी ट्रक घेऊन येतो. देताय ना मला? शब्द?"

ग्रंथपालांच्या डोळ्यांसमोरून ती पिवळी गाडी गेली, तो वळणाचा रस्ता गेला, ते समुद्राकाठचं निळं आकाश गेलं. नाही, नाही, नाही, असं त्यांचं मन ओरडत होतं. तोंड मात्र तीस वर्षं ज्या रुळावर चालत आलं होतं त्याच रुळावरून गेलं.

"हो," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांना शिक्का आठवला. पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीवर कोणी काही लिहिलं तर त्यांना स्वतःला ताप यायचा. आणि इथे लाल दारावर, तळहाताएवढा, जांभळा, 'वैयक्तिक संग्रह'. पण त्या आठवणीच्या मागोमाग एक विचार आला आणि तो विचार इतका गोड होता की त्यांना स्वतःचीच लाज वाटली : शिक्का बघून तो म्हणेल, की नको मला. आपल्याला काही बोलावंच लागणार नाही!

तोवर दंतवैद्यांनी ही बातमी बिल्डिंगभर केली होती. संध्याकाळी वाचायच्या खोलीत सभा भरली. बिल्डिंगचे सेक्रेटरीही आले. हे गृहस्थ बोलताना नेहमी समोर माइक असल्यासारखे जरा पुढे झुकत.

"डाग काढलाच पाहिजे," सेक्रेटरी म्हणाले. "हा फक्त ग्रंथपालांचा प्रश्न नाही. बिल्डिंगच्या नावाचा आहे."

डाग या विषयावर ज्याचं मत नाही असा माणूस अजून जन्मायचा आहे. एरवी जगातल्या कोणत्याही मोठ्या प्रश्नाबद्दल विचारा, लोक 'बघू', 'कठीण आहे' म्हणतात. डाग दाखवा, लगेच बाह्या सरसावतात. सेक्रेटरींनी लिंबू आणि मीठ सांगितलं. ते चोळल्यावर शिक्क्याच्या कडा विरघळून जांभळा रंग बशीएवढा पसरला. मग त्यांनी स्पिरिट सांगितलं. त्याने बशीचं ताट झालं. मग दंतवैद्य खाली जाऊन दात पांढरे करायची पेस्ट आणि ते घुर्रर्र करणारं फिरतं ब्रशचं यंत्र घेऊन आले, तोंडाला मास्क लावला आणि दारासमोर मांडी घालून बसले.

"दुखणार नाही," ते सवयीने म्हणाले.

'वैयक्तिक' निघालं. त्याच्याबरोबर लाल रंगही निघाला, खालचा पत्रा चमकू लागला, आणि त्या चमचमत्या गोलाखाली 'संग्रह' तेवढं जसंच्या तसं शिल्लक राहिलं.

"आता काय?" सगळ्यांनी ग्रंथपालांकडे बघितलं. ग्रंथपालांनी चेहरा जमेल तेवढा दुःखी केला. आतून त्यांना टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

"अहो, शिक्का मारायची काय गरज होती पण?" बायको म्हणाली. "तुमचं काही खरं नाही. बरं, तो माणूस येणार, आणि एक बाजू अशी ठेवायची? मी दार तरी रंगवून घेते."

गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवणारा रंगारी आला. त्याने लाल रंग आणला, पण तो जरा वेगळा लाल होता, टोमॅटोच्या जवळचा. एक दार टोमॅटो झाल्यावर दुसरं फिकट दिसू लागलं, म्हणून तेही रंगवलं. मग पुढचा भाग मळका दिसू लागला. शेवटी सगळी गाडी नव्याने रंगवून झाली, आणि रंगाऱ्याने, राहवलं नाही म्हणून, मागे पांढऱ्या सुबक अक्षरांत 'धन्यवाद' असंही लिहिलं. मग नव्या रंगात जुनी फाटकी सीट विटकी दिसू लागली. बायकोने तिचं कव्हर काढून धुतलं. ते वाळल्यावर उशीएवढं झालं. मग तिने जुन्या पडद्याचं कापड काढलं, मशीनवर बसली, आणि सीटला फुलाफुलांचं नवं कव्हर शिवलं. उरलेल्या कापडाची झालर पडद्याच्या वर लावली. 'धूळसुद्धा पुसू नका' हे वाक्य ग्रंथपाल रोज एकदा तरी दबक्या आवाजात म्हणत. पण स्वच्छता सुरू झालेल्या घरात ते वाक्य कोण ऐकणार? आणि खरं म्हणजे, ते फार जोर लावून म्हणतही नव्हते.

कव्हर बसवल्यावर बायको ते नीट झालंय की नाही हे बघायला सीटवर बसली. बसलीच आहे तर, म्हणून तिने एक टोकन टाकलं.

ती बाजारात गर्दीतून जशी चालते तशीच चालवत होती. कोपरं बाहेर काढून, समोरच्याकडे न बघता, जणू तो आपोआप बाजूला होणार याची खात्री असल्यासारखी. आणि गाड्या खरोखरच बाजूला होत होत्या. आत कुकरने शिट्ट्यांवर शिट्ट्या दिल्या. शेवटी ग्रंथपालांनीच जाऊन गॅस बंद केला. परत आले तेव्हा ती हसत होती. मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. असं हसताना त्यांनी तिला फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"सीट बरी बसलीय," ती उठत म्हणाली आणि केस सारखे केले.

त्यानंतर सीट बरी बसलीय की नाही हे ती रोज तपासू लागली. टोकनांची पिशवी दोघंही एकमेकांना न सांगता वापरत होते आणि दोघांनाही ते माहीत होतं.

"अगं," ग्रंथपाल एकदा धीर करून म्हणाले, "तुला जर वाटत असेल, की ही गाडी... म्हणजे तू जर त्या माणसाला..."

"छे!" ती म्हणाली. "तुम्ही शब्द दिलाय. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या हातून एवढा मोठा व्यवहार होतोय, सगळी बिल्डिंग कौतुक करतेय. मी कशाला त्यात मोडता घालू?" आणि ती घाईघाईने स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जास्तच वाजली.

म्हणजे ती आशाही गेली. आता ग्रंथपालांसाठी 'नाही' म्हणणारं कोणीतरी हवं होतं, आणि ते सेक्रेटरींनी आयतं हातात दिलं. ते एक दिवस पुढे झुकून म्हणाले, "ग्रंथपाल, हे करमणुकीचं यंत्र आहे. राहत्या जागेत ठेवायला आणि इथून हलवायला कचेरीची परवानगी लागेल. नियम आहे. नाहीतर उद्या बिल्डिंगवर यायचं."

ग्रंथपालांना त्यांना मिठी मारावीशी वाटली. कचेरी! 'नाही' म्हणण्याची कला तिथे जितकी वाढीला लागली आहे तितकी दुसरीकडे कुठेही नाही. आपल्याला जे जन्मात जमलं नाही ते तिथला साधा कारकून चहाचा कप खाली न ठेवता करून दाखवतो. ग्रंथपाल चांगला शर्ट घालून, जवळजवळ उड्या मारतच कचेरीत गेले.

सुरुवात आशादायक होती. करमणूक विभागात फक्त नाट्यगृहांसाठी छापलेला अर्ज होता.

"आसनसंख्या?" कारकुनाने विचारलं.

"एक."

"बाहेर पडायचे दरवाजे?"

"एकही नाही. आम्ही काढून ठेवलाय."

"आग विझवायच्या वाळूच्या बादल्या?"

"नाहीत," ग्रंथपाल आनंदाने म्हणाले.

"मग इथे कसं होणार? सीट आहे, स्टिअरिंग आहे म्हणता. वाहन विभागात जा."

वाहन विभागाने विचारलं, चाकं किती? ग्रंथपालांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की खाली चार छोटी चाकं आहेत, पण ती सरकवण्यापुरती. मग चारचाकी धरू, विभाग म्हणाला. चालवण्याचा परवाना दाखवा. ग्रंथपालांनी तो आपल्याजवळ नसल्याचं सांगितलं. आता नकार अगदी टेबलावर येऊन बसला होता. तेवढ्यात टेबलामागच्या साहेबांनी अर्जाला जोडलेला फोटो उचलला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"अहो, ही ती लाल! समुद्राकाठच्या रस्त्यावरची!" साहेब खुर्चीतून उठले. "कॉलेज बुडवून चालवलीय मी ही! बोगद्यानंतर डावीकडे ओढते ना अजून?"

"ओढते," ग्रंथपाल क्षीण आवाजात म्हणाले.

"वा! वा! आणा इकडे." आणि त्या कचेरीच्या इतिहासात पहिल्यांदाच, अर्ज दिलेल्या दिवशीच, सगळ्या सह्यांनिशी परवानगी मिळाली. ग्रंथपाल पाय ओढत घरी आले. सेक्रेटरींनी त्यांचं अभिनंदन केलं.

तो रविवार उजाडला. संग्राहक ट्रक खाली उभा करून वर आला. सडपातळ, नीटनेटका, हातात पांढरे मोजे घातलेला माणूस. दंतवैद्य, सेक्रेटरी, मेहुणा, सगळे हजर होते. संग्राहकाने गाडी बघितली. टोमॅटोचा रंग बघितला. फुलाफुलांची सीट आणि झालर बघितली. वाकून 'धन्यवाद' वाचलं. मग तो तिथल्या स्टुलावर बसला आणि त्याने पाणी मागितलं.

"हे कोणी केलं?" त्याने पाणी पिऊन विचारलं.

एवढे दिवस ज्यांनी ज्यांनी हातभार लावला होता ते सगळे भिंतीवरची चित्रं बघू लागले. खोलीत चित्रं नव्हती.

"माझं चुकलं," ग्रंथपाल म्हणाले. त्यांचं काळीज आनंदाने धडधडत होतं. झालं! आता तो उठेल, नमस्कार करेल आणि जाईल.

संग्राहक उठला. पण त्याने खिशातून बॅटरी काढली, गाडीची मागची फळी उघडली, आत डोकं घातलं आणि बराच वेळ तिथेच राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. "आतलं सगळं अस्सल आहे. एक तार बदललेली नाही. बाहेरचं मी खरवडून काढीन, वेळ लागेल इतकंच. हमालांना वर बोलावतो."

मेहुण्याने सुस्कारा सोडला. दंतवैद्यांनी ग्रंथपालांच्या पाठीवर थाप मारली. बायकोने पुढे होऊन सीटवरच्या कव्हरची एक सुरकुती हाताने सारखी केली आणि हात तिथेच ठेवला.

ग्रंथपालांनी घसा खाकरला. "तुमच्याकडे... अशी आणखी आहेत?"

"गोदाम भरलंय," संग्राहक मऊ आवाजात म्हणाला. "या जातीची एवढीच नव्हती."

"मग रोज कुठली चालवता?"

"चालवतो?" त्याला प्रश्नच कळला नाही. "छे! चालवली की झिजते. प्रत्येकीला प्लॅस्टिक गुंडाळलंय. प्लगसुद्धा लावत नाही."

वाचनालयात एक कुलूपबंद कपाट होतं. दुर्मिळ पुस्तकांचं. किल्ली समितीच्या अध्यक्षांकडे असे. ती पुस्तकं इतकी जपलेली होती की छापखान्यातून जोडलेली आलेली त्यांची पानंही कोणी कापून मोकळी केलेली नव्हती. साफसफाईच्या दिवशी ग्रंथपाल काचेवरून फडकं फिरवत, आतल्या सोनेरी अक्षरांकडे बघत, आणि दर वर्षी ठरवत, की समितीला सांगायचं : हे उघडा, लोकांना वाचू द्या. समिती विचारायची, कपाट असंच ठेवू ना? ते म्हणायचे, हो.

"नाही," ग्रंथपाल म्हणाले.

तो शब्द कोणाच्या तोंडून आला हेच कोणाला कळलं नाही. सेक्रेटरींनी तर मागे वळून बघितलं.

"काय म्हणालात?" संग्राहकाने विचारलं.

"नाही. म्हणजे... देणार नाही." ग्रंथपालांचे शब्द एकामागून एक येत होते, जणू कित्येक वर्षं रांगेत उभे होते. "मी शब्द दिला होता, तो मोडतोय. तुम्ही ट्रक घेऊन आलात, तुम्हाला त्रास झाला, त्याची मला खरंच लाज वाटते. पण ही प्लॅस्टिकमध्ये जाणार नाही. ही चालते. आम्ही चालवतो. मी चालवतो, आणि ही माझ्यापेक्षा चांगली चालवते."

"भावोजी!" मेहुणा ओरडला. "अहो, आकडा आठवतोय ना?"

"आठवतोय."

"ताई, तू तरी सांग यांना!"

सगळ्यांनी बायकोकडे बघितलं. ती ग्रंथपालांकडे बघत होती, लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर बघितलं असेल तशी, जरा घाबरून आणि जरा खुशीत.

"मी काय सांगू?" ती म्हणाली. "ते नाही म्हणालेत."

संग्राहक हळूहळू मोजे काढू लागला. रागावला असावा, असं सगळ्यांना वाटलं. पण तो रागावलेला दिसत नव्हता, नुसता हरवल्यासारखा दिसत होता. ट्रक खाली उभा होता. आता काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं.

"बसा ना," ग्रंथपाल म्हणाले.

"बसतो. पाणी द्या आणखी."

"स्टुलावर नाही. गाडीत."

"मी?" संग्राहक म्हणाला. "नको, नको. मला... मी कधी..."

आणि तो लाजला. इतकी यंत्रं जमवलेला तो माणूस कानापर्यंत लाल झाला. शाळेत असताना दुकानाच्या काचेबाहेर उभं राहून तो दुसऱ्यांचा खेळ बघायचा, हे त्याने पुढे चहा घेताना सांगितलं. तेव्हा मात्र तो नुसता फुलाफुलांच्या सीटवर अंग चोरून बसला. बायकोने त्याच्या हातावर टोकन ठेवलं. दंतवैद्य डावीकडून आणि सेक्रेटरी उजवीकडून वाकले.

"आधी पेडल हळू दाबा," सेक्रेटरी म्हणाले.

"अजिबात नको, एकदम दाबा," दंतवैद्य म्हणाले.

संग्राहकाने एकदम दाबलं. गाडी सुटली, पहिल्याच वळणावर जाहिरातीच्या फलकातून आरपार गेली, गवतात गेली, तीन कोलांट्या मारून परत रस्त्यावर आली. मग एक पिवळी गाडी आडवी आली आणि त्या हळू, आदबशीर आवाजाच्या माणसाने आयुष्यातली पहिली आरोळी ठोकली, "ए पिवळ्या, हट!" मेहुणा टाळ्या पिटू लागला. खालून ट्रकवाला हॉर्न देत होता, पण त्याचा हॉर्न खेळातलाच आहे असं सगळ्यांना वाटलं. बोगदा आला, गेला, गाडी डावीकडे ओढली, आणि संग्राहक सरळ समुद्रात पडला. वेळ संपल्याचा भोंगा वाजला.

तो सीटवर मागे रेलला. त्याचा भांग विस्कटला होता, शर्टाचं एक बटण तुटलं होतं, आणि चेहऱ्यावर असं हसू होतं की ते कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं.

"ग्रंथपालसाहेब," तो धापा टाकत म्हणाला, "आणखी एकदा? फक्त एकदा?"

ग्रंथपालांनी बायकोकडे बघितलं. तिने चष्मा पुसून लावला होता आणि बाह्या वर केल्या होत्या.

"नाही," ग्रंथपाल म्हणाले, आणि दुसऱ्यांदा म्हणताना तो शब्द किती सोपा आहे याचं त्यांना नवल वाटलं. "आता हिची पाळी आहे. तुमचा नंबर माझ्यानंतर."